आधी समोरच्याचं, मग आपलं

धाड,
७ जुलै

प्रिय पुष्पे,

आजकाल कागदावर कोन लिहिते, असं म्हणशील. लिहिते मी. तुमच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरमध्ये फोन जमा करून घेतात अन् रविवारी घरी बोलण्यापुरता देतात, हे तुझ्या बाबांनी सांगतलं. मलेही फोनवर काही लिहाचं नाही. ज्या फोनवर माझ्या आईची नक्कल गावोगाव फिरली, त्याच्यावर मी माझं मन मोकळं करत नसते.

फेब्रुवारीतला कॉलेजचा मेळावा तू विसरली नसशील. आपल्या वक्तृत्व मंडळाचा तो पहिला मोठा कार्यक्रम, अन् अध्यक्ष तू. तूच मले ढकलत माइकपर्यंत नेलं होतं. मी लोकशाहीवर बोलली, जन्मात पहिल्यांदा न अडखळता बोलली. पालकांच्या रांगेत आई होती, भिमाबाई, बाजारातलं भाजीचं दुकान एक दिवस बंद ठेवून, नवीन लुगडं नेसून. तिच्या बाजूले तू. मग मंडळातलाच गोकुळ उठला नकला कराले. डोक्यावर टॉवेलाचा पदर घेतला, कमरेवर हात ठेवला अन् माझं भाषण माझ्या आईच्या आवाजात केलं. "या वो माय, या! ताजी लोकशाही, देठासकट लोकशाही! हातात घेऊन पाहा, मग मत द्या! पावशेर घ्या, वर कढीपत्ता फुकट!" सारा हॉल पोट धरून हसला. मी पडद्याच्या बाजूले उभी होती. मले सगळं दिसत होतं.

घरी येताना जीपमध्ये आई खुश होती. म्हणे, "पोरानं माही हुबेहूब हाक मारली वं, एवढ्या मोठ्या कॉलेजात!" तिले वाटलं आपली तारीफ झाली. तिले तसं काऊन वाटलं, ते राहू दे. पुढच्या बाजाराच्या दिवशी टवाळ पोरं तिच्या दुकानासमोर उभी राह्यली अन् "पावशेर लोकशाही देता का वो माय" म्हणून फोन दाखवाले लागली, तवा तिले समजलं. त्या दिवसापासून माझी आई बाजारात हाक देत नाही, पुष्पे. जिचा आवाज जनावरांच्या बाजारापर्यंत जात होता, ती आता वांग्यामागं मुकी बसते. गिऱ्हाईक दुसरीकडं जाते, हे पाहत बसते.

तर ऐक. तू गेल्यावर मंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे. गोकुळ उभा राह्यला, अन् आपल्या सोबतच्या पोरांना चहा पाजून राह्यला. मी पण उभी राहणार. समाजसेवा नाही, नेतृत्वगुण नाही, मले त्याले त्याच हॉलमध्ये रडवाचं आहे. तू मंडळ काढलं, तू मले बोलाले शिकवलं. आता हेही शिकव.

आईनं जय भीम सांगतला आहे. तुले पिठलं आवडते म्हणून अजूनही दर वेळी एक भाकर जास्तीची थापते अन् मग आठवते की तू नाहीस.

तुझीच,
मंजुश्री

•

प्रशिक्षण केंद्र,
२१ जुलै

मंजे,

तुझं पत्र परेडवरून आल्यावर हातात पडलं अन् पायाचे फोड विसरले बघ. माझी मंजी, जी हजेरीले "यस सर" म्हणाले घाबरायची, ती बदला घेऊन राह्यली! शाब्बास वाघीण.

तो गोकुळ्या! त्याच्या नकलेच्या वेळी माझ्या अंगाची नुसती आग झाली होती. मी भिमामावशीच्या बाजूलेच बसली होती ना, मुठी आवळून. वाटलं, स्टेजवर जाऊन कानाखाली काढावी. पण अध्यक्ष पडली मी, कार्यक्रम बिघडू नये म्हणून गप बसली.

आता कामाचं. इथं आमच्या उस्ताद सिंधूताई म्हणतात, ओरडणारा आवाज गळ्यातून येते अन् हुकमी आवाज पोटातून. गळ्यातला आवाज ऐकून पोरं हसतात, पोटातला ऐकून पाय आपोआप हालतात. रोज सकाळी पोटावर हात ठेवून बोल. अन् कुठं बोलशील? बाजारात. मावशी मुकी बसली असंल तर तू दे हाक. ज्या हाकेची नक्कल झाली, तीच हाक तोंडात घे. तिथं लाज मेली की हॉलमध्ये मराले शिल्लकच राहत नाही.

दुसरं. मतं भाषणानं नाही मिळत. कोणाले काय नडते ते विचारत फीर, अन् विचारल्यावर तोंड बंद ठेव. गोकुळ्याले ऐकता येत नाही, तिथंच तो मरणार.

तिसरं, अन् हे हत्यार आहे. आपला नियम आठव, मीच केलेला. सुरवातीले सगळे एकमेकांवर भुंकत होते, म्हणून मी ठरवलं होतं: आधी समोरच्याचं, मग आपलं. समोरचा जे बोलला ते आधी त्याच्याच जागेवर उभं राहून, "मी" म्हणून सांगाचं. तो जवर "हाव, हेच म्हनलं मी" म्हणत नाही, तवर आपलं एक अक्षर बोलाचं नाही. निवडणुकीच्या सभेत तू मावशीची गोष्ट काढ. गोकुळ्याले उत्तर द्याचं असंल तर आधी तुझं दुःख त्याले त्याच्या तोंडानं सांगावं लागंल. अन् मंजे, "हाव" तुझ्या हातात आहे. देऊ नको.

बदला म्हंजे ओरडणं नाही, वं. बदला म्हंजे त्याले बोलू न देणं.

पुष्पांजली

•

धाड,
१८ ऑगस्ट

पुष्पे,

जिंकली! आता बैजवार सांगते.

पहिल्या बाजाराले तुझं ऐकून आईच्या बाजूले उभी राह्यली. तोंड उघडलं अन् आवाजच निघेना. बाजूची तानाबाई लसूणवाली म्हणते, "पोरीले भूत लागलं काय वं?" मग पोटावर हात ठेवला. "या वो माय, या! काटेरी वांगे, देठासकट वांगे!" आईनं मान वर केली नाही, पण जुडी बांधता बांधता हळूच म्हनली, "'माय' लांबव. लांबवलं की बाई वळून पाह्यते." पुढच्या बाजाराले मी माय लांबवली. बाया वळल्या.

मग कॉलेजात विचारत फिरली. गावाकडच्या पोरींना मंडळात यायचं होतं, पण सभा सुरू व्हायची चारला अन् धाडची, उंद्रीची एसटी त्याच सुमाराले निघायची. त्या येत नाहीत म्हणून गोकुळ त्यांना भित्र्या म्हणायचा. कोणी सभेची वेळच बदलून पाह्यली नव्हती, तू पण नाही. मी इंद्रभान सरांना भेटली. आपले सर मंडळाचे मार्गदर्शक, पण त्यांना कोणी काही विचारतच नाही, म्हणून ते कोपऱ्यात पेपर वाचतात. म्हनले, "दुपारी घ्या की. मले काय!" सभा दुपारी आली अन् पोरी आल्या, हॉलच्या मागच्या बाकापर्यंत.

निवडणुकीच्या सभेत मी आईची गोष्ट सांगतली. ओरडली नाही. बाजारात ती आता कशी बसते, तेवढंच. गोकुळ उठला, हसत म्हणे, "अबे, गंमत होती ती..." मी म्हनलं, "नियम. आधी माझं."

पुष्पे, त्याचं तोंड तू पाहाले पाहिजे होतं! म्हणे, "मंजुश्रीले वाईट वाटलं..." मी म्हनलं, "मी म्हणून सांग." "मी... मले वाईट वाटलं. कारन गोकुळनं माझ्या आईची नक्कल केली." मी म्हनलं, "नाही." परत सांगतलं. "नाही, राह्यलं काहीतरी." तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. सगळी सभा त्याच्याकडं पाहून राह्यली अन् त्याले स्वतःसाठी एक वाक्य बोलता येईना. तसाच खाली बसला. मतं पडली, पोरींनी हात वर केले, झालं.

मले वाटलं होतं की इथंच संपंल. पण पुढच्या शनिवारी सभा सुरू झाली अन् तो परत उभा. म्हणे, "मले माझं सांगाचं आहे, म्हणून आधी तुझं सांगतो." परत सांगतलं. मी परत "नाही" म्हनलं. रात्री झोप कशी गाढ लागली म्हणून सांगू.

तू लिहिलं, तुझ्या अंगाची आग झाली होती. बरं.

मंजुश्री

•

प्रशिक्षण केंद्र,
१ सप्टेंबर

अध्यक्ष महोदया,

सलाम! तुझं पत्र मी आमच्या बराकीत मोठ्यानं वाचलं. पोरी टाळ्या वाजवून राह्यल्या. आता माझ्या खोलीतल्या सगळ्या जणींना गोकुळचं नाव पाठ झालं आहे, अन् परेडमध्ये चुकणाऱ्या पोरीले आम्ही गोकुळ म्हणतो.

देऊ नको हाव. दर शनिवारी उभा राहते ना? राहू दे. नाकाले झोंबलेली मिरची लवकर उतरत नसते. त्यानं एकदाच हसवलं, तू दर शनिवारी उभं कर. त्याच्या घरी पंचवीस एकर बागाईत आहे, आजवर त्याले कोणी नाही म्हनलंच नाही. तू म्हण.

एसटीचं मले सुचलं नव्हतं, खरं आहे. माझं घर कॉलेजच्याच गावात, बसस्टँडच्या मागं, मले कुठं बस पकडाची होती!

मावशीले सांग, मले वर्दी मिळाली की वर्दीवरच पिठलं खाले येते.

पुष्पी

•

धाड,
६ ऑक्टोबर

पुष्पे,

गोकुळ अजून उभा राहून राह्यला.

एक गंमत झाली आहे, म्हणजे मले ती गंमत वाटत नाही. तो सुधारून राह्यला. आधी दोन वाक्यं सांगून घाम पुसायचा. तीन शनिवारांमागं तो पडद्याच्या बाजूले जाऊन उभा राह्यला, मी त्या दिवशी जिथं होती तिथं, अन् तिथून बोलला. "मी इथं उभी आहे. माझं भाषण चांगलं झालं, त्याचा कागद अजून माझ्या हातातच आहे. समोर माझी आई बसली आहे, तिनं आज पहिल्यांदा कॉलेज पाह्यलं." पहिल्या वर्षाच्या पोरी डोळे पुसाले लागल्या. नकला करणारा पोरगा, त्याले दुसऱ्याच्या अंगात शिरता येते, हे आपण विसरलोच होतो. शेवटी माझ्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "नाही. राह्यलं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सभा संपल्यावर संघपाल आला, पहिल्या वर्षाचा, चांगला बोलते. म्हणे, "ताई, काय राह्यलं ते तरी सांग त्याले. नाही तर हा नियम नाही, हे नाक रगडणं झालं." मी म्हनलं, सांगून टाकलं तर त्याले काय कळलं? त्याचं त्यानं शोधावं. संघपाल गेला अन् आता दोन शनिवार आला नाही. त्याच्यामागं अजून काही जण यायचे थांबले. म्हणतात, मंजुश्रीच्या मंडळात एकच विषय आहे.

तुले वाटंल, मी मुद्दाम त्याले अडवून धरते. सुरवातीले होतं तसं. आता नाही. आता खरंच काहीतरी राह्यलं आहे, पुष्पे. अन् तो ते सांगत नाही कारन त्याले ते माहीतच नाही. माहीत आहे दोघीतिघींना. तुले काय वाटते, काय राह्यलं असंल? तू तर बाजूलेच बसली होती.

मंजुश्री

•

प्रशिक्षण केंद्र,
२० ऑक्टोबर

मंजे,

स्पष्ट लिहिते, राग येऊ दे.

संघपाल माझ्या मावसभावाचा दोस्त. त्याच्याकडून सगळं कानावर आलं. मंडळ मी रक्त आटवून उभं केलं अन् तू ते एका पोराच्या मागं लागून मोडून राह्यली. अगं, पुरे आता! हाव म्हण अन् मोकळी हो. मीच म्हनलं होतं देऊ नको, मान्य. पण एखाददुसऱ्या वेळेसाठी म्हनलं होतं, जन्मभरासाठी नाही. आमच्या सिंधूताई म्हणतात, शिक्षा कुठं थांबवाची हे ज्याले कळत नाही त्याच्या हातात काठी देऊ नये. तुले खुर्चीची चटक लागली, मंजे. तो पोरगा तुझ्यासाठी पडद्याआड उभा राहून रडते अन् तू दगडासारखी "नाही" म्हणते, हे तुले शोभते काय?

तू विचारलं काय राह्यलं. काही राह्यलं नाही. नक्कल झाली, लोकं हसले, मावशीले वाईट वाटलं. यापेक्षा जास्त त्या दिवशी काही झालंच नाही. मी बाजूले होती, मले माहीत आहे.

मावशीले नमस्कार. रागावून पत्र बंद करू नको.

पुष्पांजली

•

धाड,
२४ नोव्हेंबर

पुष्पांजली,

हाव म्हनलं मी. तुझ्या म्हणण्यावरून नाही. कसं, ते ऐक.

मागच्या बाजाराच्या दिवशी गोकुळ धाडले आला. गाडी स्टँडजवळ लावली अन् पायी बाजारात शिरला. मी पाणी आणाले गेली होती. परत येऊन पाहते तर आईसमोर उकिडवा बसलेला. माझं डोकंच सणकलं. म्हनलं, आता इथं येऊन माफी मागून मोकळा होते काय हा! पण आईनं मले हातानंच गप केलं. त्याले म्हनली, "माफीची काय भाजी कराची, बापू? मह्या हाकेची नक्कल करता येते ना तुले? मग दे हाक. माहा गळा गेला आहे."

अन् तिनं त्याले उभं केलं, पुष्पे! पंचवीस एकरवाल्याच्या पोराले, भर बाजारात, त्याच्याच गावच्या बाया भाजी घेत असताना. "या वो माय, या!" पहिल्यांदा लाजला. आई म्हनली, "माय लांबव." तो लांबवाले लागला. तीच टवाळ पोरं आली, फोन काढले, हसले. तानाबाई लसूणवाली तर हसता हसता पोत्यावरच लोळली. आई एका शब्दानं त्याले बस म्हनली नाही. वांगे संपले, मिरच्या संपल्या, तानाबाईचा लसूण पण त्याच्याच गळ्यावर विकला. ऊन उतरलं तवा त्याचा आवाज असा बसला की पाणी मांगाले हातवारे करून राह्यला. मी इतक्या महिन्यांत "नाही, नाही" म्हणून जे केलं नाही, ते आईनं एका बाजारात केलं. जीव थंड झाला माझा, खोटं काऊन बोलू.

मग तिनं त्याले चहा दिला. तेव्हा त्यानं विचारलं, फाटक्या आवाजात, "मावशी, त्या दिवशी तुम्ही हसत होत्या. मी स्टेजवरून पाह्यलं. तुम्ही काऊन हसल्या?"

आई काय बोलली ते त्यानं शनिवारी सभेत सांगतलं. आवाज अजून बसलेलाच होता, सगळ्यांना पुढं सरकून ऐकावं लागलं. पडद्याच्या बाजूले उभं राहून, "मी" म्हणून, असं:

"मी इथून पाहते. गोकुळ माझ्या आईच्या आवाजात बोलून राह्यला. आईले समजत नाही की हे चांगलं आहे का वाईट. ती हसत नाही. ती बाजूले वळून पुष्पांजलीकडं पाहते. पुष्पांजली माझी मैत्रीण आहे, माझ्या घरी जेवते, मंडळाची अध्यक्ष आहे, शिकलेली आहे. तिले समजत असंल. पुष्पांजली हसून राह्यली, तोंडाले रुमाल लावून, खांदे हलेपर्यंत. म्हणून माझी आई पण हसते. आईले वाटते, पुष्पी हसली म्हणजे चांगलंच असंल. मी इथून ओरडू शकत नाही. माझी आई स्वतःच्या फजितीले टाळ्या वाजवते."

इंद्रभान सरांनी पेपर खाली ठेवला. मी म्हनलं, "हाव. हेच."

आता त्याले त्याचं बोलाचा हक्क होता. एवढे शनिवार त्याचसाठी उभा होता. तो म्हनला, "माझं एवढंच. नकलेच्या मध्यात मावशींचा चेहरा पाह्यला अन् मी थांबणार होतो. तेवढ्यात आमची अध्यक्ष हसताना दिसली. मग मी कढीपत्ता फुकट केला. तिच्यावर ढकलत नाही, जीभ माझीच होती." अन् खाली बसला. कोणीतरी टाळी वाजवणार होतं, मी हात वर करून थांबवलं. मी त्याले हाव दिलं आहे, माफी दिली नाही. संघपाल परत आला आहे. मंडळ चालते, तुझ्या वेळेपेक्षा मोठं चालते, तू काळजी करू नको.

तर पुष्पे, तुझ्या अंगाची आग झाली होती म्हणे. मुठी आवळल्या होत्या म्हणे. जास्त काही झालंच नव्हतं म्हणे. जुलैपासून मी तुले दर पत्रात दार उघडून दिलं, अन् तू दर वेळी बाहेरूनच मले गोकुळले कसं मारावं ते शिकवलं. तुले वाटलं, मी हे सगळं त्याच्यासाठी शिकून राह्यली?

नियम तुझाच आहे. आधी समोरच्याचं, मग आपलं. लिही.

मंजुश्री

•

प्रशिक्षण केंद्र,
५ डिसेंबर

मंजे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऐक, मी हसली असंल, पण ते तसं नव्हतं. सगळा हॉल हसत होता, एखाद्याले आपोआप हसू फुटतेच की! अन् ती नक्कल इतकी हुबेहूब होती, मी मावशीले नाही, त्याच्या अभिनयाले हसली. मावशी माझ्याकडं पाहून राह्यली हे मले दिसलंच नाही, आईची शप्पथ. दिसलं असतं तर

•

धाड,
१३ डिसेंबर

पुष्पांजली,

तुझं पत्र अर्धंच वाचून सोबत परत पाठवून राह्यली. "दिसलं असतं तर" इथंच थांबली, पुढं वाचलं नाही.

हे तुझं आहे. तुझं नंतर. आधी माझं.

मंजुश्री

•

प्रशिक्षण केंद्र,
२५ डिसेंबर

मी मंजुश्री.

मी पडद्याच्या बाजूले उभी आहे. पुष्पीनं मले माइकपर्यंत ढकललं, म्हणून मी आज बोलली. मले आधी तिच्याकडंच पाहाचं होतं, शाब्बास म्हणते का ते. मी पाह्यलं तर ती हसून राह्यली. माझ्या आईच्या मांडीले मांडी लावून. माझ्या आईच्या हातच्या भाकरी खाऊन. आई तिच्याकडं पाहते अन् ती मान हलवते, हाव मावशी, हसा, म्हणून. तिले दिसलं होतं. तिनं मान हलवली.

मी कोणाले सांगतलं नाही. मले वाटलं, ती स्वतःहून सांगंल. ती गावाहून गेली तवा मी स्टँडवर गेली होती, मी तिची पेटी टपावर चढवली, अन् ती गोकुळले शिव्या देत गाडीत बसली. मी वाट पाह्यली. पत्र लिहिलं. तिनं लिहिलं की तिच्या मुठी आवळल्या होत्या. मी तिच्या पत्राची वाट पाहत होती अन् ती माझ्या आईच्या फजितीची गोष्ट बराकीत वाचून दाखवत होती, टाळ्या घेत होती.

गोकुळनं माझ्या आईचा आवाज घेतला, तो तिनं परत मिळवला. पुष्पीनं जे घेतलं ते अजून तिच्याकडंच आहे.

हे माझं. हेच म्हनलं का मी?

•

धाड,
४ जानेवारी

पुष्पे,

पत्र आलं तो बाजाराचा दिवस होता. दुकानावरच फोडलं अन् आईले वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. ती आता परत हाक देते. मधेमधे "या वो माय" म्हणून थांबत होती अन् मग म्हणत होती, वाच पुढं. मान हलवली तिथं आल्यावर वांगं हातातच राह्यलं तिच्या. गिऱ्हाईक भाव विचारून राह्यलं होतं, तिनं ऐकलं नाही. संपल्यावर पदरानं तोंड पुसलं अन् म्हनली, "हाव वं. असंच झालं होतं. लिही तिले, येऊन जाय म्हणा, पिठलं करते."

तर आईनं तुले हाव दिलं आहे. ते तिचं आहे, तिनं द्यावं. पिठलं खाले ये, ती वाट पाहते. ये तवा तुझं तिले सांग, ती ऐकून घेईल.

मी त्या दिवशी शेतावर असंल.

माझं अजून राह्यलं. परत लिही.

मंजुश्री